चौसष्टची पायरी

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि आमच्याकडे लिहिणं म्हणजे गावी आजीला पाठवायचं खुशालीचं पत्र, तेही 'बाकी सर्व ठीक' वर संपणारं. वार्षिकांकाचे संपादक सर वर्गात येऊन 'तुम्हाला भेटलेल्या एखाद्या वेगळ्या माणसावर लिहा' असं म्हणाले, तेव्हा मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो. ज्यांच्यावर लिहायचं त्यांना हे आवडेल की नाही, तेही मला ठाऊक नाही. तरी एक वाक्य मी छातीवर हात ठेवून लिहू शकतो. ऐन मे महिन्यात कोकण सोडून मुंबईला येणारा, आणि तोही सुट्टी घालवायला येणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच होता, आणि तो म्हणजे मन्याचे मामा.

मन्या म्हणजे मनोहर, माझा मित्र. घाटकोपरला भटवाडीच्या टेकडीवर घरं एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन उभी आहेत, त्यातल्याच एका चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत तो राहायचा. चाळीतली निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं कोकणातली. निकाल लागले की वळकट्या बांधून सगळे गावी निघत आणि चाळ रिकामी होई. उरत असू आम्ही थोडे: कुणाच्या वडिलांची गिरणी बंद पडलेली, कुणाच्या घरी आजारपण, कुणाचं गावच्या भावकीशी वाजलेलं. बाकीची मुलं मामाच्या गावाला गेलेली असताना आमच्याकडे मामाच एसटीतून उतरून टेकडी चढत येत. कणकवलीच्या पुढे एका गावातल्या हायस्कुलात ते विज्ञान आणि गणित शिकवायचे. वर्षभर शिकवून दमलेला मास्तर सुट्टीत काय करेल? हे सुट्टीत विज्ञान आणि गणित शिकवायचे. आंबे, फणस, वारा सोडून इथे या भट्टीत कशाला येता, असं माझ्या वडिलांनी एकदा विचारलं, तर मामा अगदी मनापासून म्हणाले, "काय सांगू, मे महिन्यात सगळी मुंबई आमच्या गावात येते हो. फार गर्दी होते. इथे जरा शांत वाटतं."

त्यांच्याबरोबर दोन वस्तू यायच्या. एक पत्र्याची ट्रंक आणि एक फणस. ट्रंकेत धोतर-सदऱ्याची एक जोडी सोडली तर कपडा म्हणून काही नसे. भिंगं, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, सायकलची जुनी ट्यूब, दाभण, लोहचुंबक, फुटक्या आरशाचे तुकडे, आणि एकदा तर अख्खा विहिरीचा रहाट निघाला होता. मन्याची आई ट्रंक उघडून कपाळाला हात लावी. "दादा, माणसं बहिणीकडे येताना कोकमं आणतात, तू भंगार आणतोस. आधीच दहा बाय बाराची खोली. मी झोपू कुठे, ह्या रहाटावर?" मामा गंभीरपणे रहाटाकडे बघत आणि म्हणत, "झोपता येईल, पण फिरेल." भावोजी, म्हणजे मन्याचे बाबा, अंधेरीला एका कंपनीत शिपाई होते. ते आपले मे महिनाभर ओव्हरटाइम घेत.

मामांचा वर्ग चाळीसमोरच्या पायऱ्यांवर भरायचा. टेकडी चढणाऱ्या या दगडी पायऱ्या सकाळी नळाचं पाणी भरून झालं की रिकाम्या असत, आणि वर पिंपळाची थोडी सावलीही असे. फळा नव्हता, खडू नव्हता. मामा शिकवत प्रमाण मराठीत, पण आनंद झाला की मालवणीत घसरत, त्यामुळे शाळेतल्या गुणांपेक्षा त्यांच्या भाषेवरून आम्हाला आपली प्रगती कळायची. गंमत अशी की त्यांना आनंद व्हायचा तो आमचं उत्तर चुकल्यावर. एखाद्याने गणित सोडवलं आणि उत्तर जुळलं की मामांचा चेहरा पडायचा. "बरोबर इला? अरेरे," म्हणत ते पुढच्याकडे वळत, जणू बिचाऱ्याच्या घरी काही अशुभ घडलं आहे. आणि उत्तर चुकलं की ते धोतराचा सोगा खोचून त्याच्या शेजारीच बसत. "आता मजा इली. कुठे वाट चुकली ती शोधू." शाळेत मी चुकलो की छडी मिळत असे, त्यामुळे पहिल्या सुट्टीत मला हा सगळा प्रकार म्हणजे एखादा सापळा वाटत होता. मला वाटायचं, हा माणूस सगळ्या चुका मनात जमा करतो आहे आणि शेवटच्या दिवशी एकदम मारणार आहे.

दुसरं म्हणजे ते उत्तर सांगत नसत. लिंबात तांब्याची तार आणि खिळा खुपसून बॅटरीतला इवलासा दिवा लावायचा प्रयोग होता. एका लिंबावर दिवा पेटेना. मन्याने विचारलं, मामा, आता काय करायचं? मामा म्हणाले, "माका कित्याक इचारतंस? लिंबाक इचार." मन्या दोन दिवस लिंबांना विचारत राहिला. आईच्या लोणच्याची सगळी लिंबं त्यात गेली. दिवा पेटलाच नाही, पण सगळी लिंबं ओळीने जोडून तारांची टोकं जिभेला लावल्यावर झिणझिण्या येतात हा शोध मन्याला लागला. तो त्याने चाळीतल्या प्रत्येक लहान पोराला पटवून दिला आणि मग त्याच्या आईने त्याला काय पटवून दिलं ते इथे लिहीत नाही.

पण मामांचा खरा गाजलेला प्रयोग अंधाऱ्या खोलीचा. मन्याच्या खोलीच्या खिडकीला पुठ्ठा लावला, दाराला चादरी लावल्या, पुठ्ठ्याला दाभणाने एक भोक पाडलं आणि समोरच्या भिंतीवर मामांचं धुतलेलं धोतर ताणून बांधलं. मे महिन्याच्या दुपारी आम्ही आठ-नऊ जण आत घामाने निथळत उभे. हळूहळू डोळे सरावले आणि धोतरावर बाहेरचं सगळं जग उलटं चालताना दिसू लागलं. आकाश खाली, नळ वर, आणि त्या दिवशी दुपारचं पाणी यायचं होतं म्हणून लागलेली हंड्यांची रांग डोक्यावर पाय करून उभी. आम्ही श्वास रोखून बघत होतो, आणि त्याच वेळी धोतरावरच्या तारामावशींनी इकडे तिकडे बघून आपला हंडा हळूच चार हंडे पुढे सरकवला. तारामावशी म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीतल्या, रांगेच्या बाबतीत त्यांची आधीच ख्याती होती. मन्याची आई आमच्याबरोबर आत उभी होती आणि सरकवलेल्या हंड्याच्या मागे तिचाच हंडा होता. दार उघडून ती जी बाहेर पडली ती थेट नळावर.

भांडण पेटलं. तारामावशी हटेनात. कोणी पाहिलं, साक्षीदार कोण, असं त्या विचारू लागल्या. मन्याची आई म्हणाली, भिंतीवर दिसलं, सगळ्या पोरांनी बघितलं. तारामावशींनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, "भिंतीवर सगळं उलटं दिसतं म्हणता ना? मग मी पुढे गेलेली दिसले म्हणजे मी मागे आले असणार. उलट माझेच उपकार झाले."

सगळ्या बायका मामांकडे बघू लागल्या. मामांचे डोळे मात्र चमकायला लागले. बहिणीची बाजू घ्यायचं ते साफ विसरले. "आता मजा इली," ते म्हणाले. "बाई, तुमचा मुद्दा पहिल्या दर्जाचा आहे. वरचं खाली होतं हे खरं, डावं उजवं होतं हेही खरं, पण मग नळही तिकडे जातो की नाही हे तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही." आणि त्यांनी तो प्रयोग पुन्हा करायला लावला. सगळ्या बायका आपापल्या जागी, पोरं खोलीत, आणि तारामावशींनी मघासारखं हंडा घेऊन मागून पुढे चालायचं. मामा आतून ओरडत होते, "हळू, आणखी हळू." तारामावशी शास्त्रासाठी अगदी हळू हळू चालत थेट नळापर्यंत गेल्या, नेमकं तेव्हाच पाणी आलं, आणि त्यांनी हंडा भरून घेतला. नळही उलटतो, त्यामुळे पुढे ते पुढेच, हे सिद्ध झालं. मामा विजयाने बाहेर आले तेव्हा तारामावशी घरी पोचल्या होत्या. मन्याची आई त्या दिवशी भावाशी बोलली नाही, ताट मात्र वाढलं.

मामा फी घ्यायचे, हे सांगायचं राहिलं. पैसे नाहीत. प्रत्येकाने सुट्टी संपायच्या आत त्यांना एक असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर त्यांना येत नाही. आला की ते आकाशाकडे बघत, मान हलवत, आणि म्हणत, "माहीत नाही. फी पावली." मन्याची फी मुंगीला घाम येतो का या प्रश्नावर पहिल्याच आठवड्यात पावली. कुणाची, कुत्र्याला स्वप्नात वास येतो का यावर. माझी दोन सुट्ट्या उलटल्या तरी पावली नव्हती. प्रश्न नसत असं नाही, पण ते घशाशी येऊन बसत. आपला प्रश्न बावळट निघाला तर, असं वाटायचं. घरी मी विचारायचो त्याचं उत्तर 'मास्तरांना विचार' असं असे आणि शाळेत 'एवढंही येत नाही का' असं. त्यामुळे मी ज्याचं उत्तर मामांना नक्की येत असेल असेच प्रश्न विचारायचो. ते उत्तर देत नसतच, फक्त "ही फी नाही हां," असं हळूच म्हणत.

आता संगणकाचं सांगतो, कारण मामांचा जीव त्याच्यात होता. संगणक हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला. कुठल्या कुठल्या मासिकांतून वाचून वाचून त्यांना त्या यंत्राचं सगळं अंतरंग पाठ झालं होतं, पण खरा संगणक त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. त्यांच्या तालुक्यात तो नव्हता. "एकदा त्याचं बटण दाबायचं आहे," ते म्हणायचे, "मग गुडघे गेले तरी चालतील." ज्या सुरात आमची आजी काशीबद्दल बोलायची तोच तो सूर. आणि यंत्र मिळेपर्यंत थांबणारे ते नव्हते. त्यांनी आमचाच संगणक केला.

तो असा. एकावर एक अशा सात पायऱ्यांवर सात पोरं बसवायची. सगळ्यात खालच्या पोराची किंमत एक, त्याच्या वरच्याची दोन, मग चार, आठ, अशी दुपटीने वाढत सर्वांत वरच्याची चौसष्ट. उभे असतील त्यांची बेरीज म्हणजे यंत्रातला आकडा. नियम एकच. पाठीत थाप बसली की बसलेल्याने उभं राहायचं. उभा असेल त्याने बसायचं आणि आपल्या वरच्याला थाप मारायची. बास. दुसऱ्याचं बघायचं नाही, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. "यंत्राला अक्कल नसते," मामा सांगत, "म्हणून ते चुकत नाही. तुम्हाला अक्कल आहे, ती जरा बाजूला ठेवा." मामा खाली उभे राहून हव्या त्या पायरीवर थाप मारायला सांगत, की वर सळसळत उठबस सुरू होई आणि शेवटी उभ्या पोरांची बेरीज केली की गणिताचं उत्तर. मला सगळ्यात वरची, चौसष्टची पायरी मिळाली होती. मिळाली म्हणजे मी मागून घेतली होती. एवढे मोठे आकडे क्वचित यायचे, तिथपर्यंत थाप पोचत नसे, आणि मला दिवसभर कोणाच्या नजरेत न येता बसून राहता यायचं.

पायऱ्या नसतील तेव्हा बोटं. उजव्या अंगठ्याची किंमत एक, पुढे दुप्पट दुप्पट करत करंगळी सोळा, मग डावा अंगठा बत्तीस आणि डावी तर्जनी चौसष्ट. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मन्या बाकावर बसून या पद्धतीने मोजत होता, सोळावर आला, आणि बाईंनी त्याला न विचारता मुतारीत पाठवला.

आणि एका मे महिन्यात मन्याच्या घरी सत्यनारायणाची पूजा निघाली. भावोजींनी भीत भीत कंपनीतल्या साहेबांना आमंत्रण दिलं होतं आणि साहेब खरंच तीर्थप्रसादाला आले. साहेबांच्या कंपनीत संगणक आहे हे भावोजींनी इतकी वर्षं मामांपासून लपवून ठेवलं होतं, कारण पुढे काय होईल ते त्यांना माहीत होतं. पण साहेबांनी प्रसाद घेता घेता सहज ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा विषय काढला, आणि मामांच्या हातातली तीर्थाची पळी तशीच राहिली. पुढच्या पाच मिनिटांत साहेब शिऱ्याची बशी हातात घेऊन पायऱ्यांसमोर खुर्चीवर बसले होते आणि आम्ही सात जण पायऱ्यांवर. भावोजी लांब उभे होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. नोकरी आणि मेहुणा यांतलं काय आधी जाणार याचा ते हिशेब करत असावेत.

मामांनी साहेबांना म्हटलं, कुठलेही दोन आकडे द्या. साहेब हसून म्हणाले, माझं वय पंचेचाळीस, मुलीचं एकोणीस, बघू तुमचा कॉम्प्युटर. मामांनी पंचेचाळीसची पोरं उभी केली आणि एकोणीस मिळवायला सुरुवात केली. खालून थापा निघाल्या. कोण उठलं, कोण बसलं, यंत्र सुरेख चाललं होतं. सोळाचा पोरगा आणि बत्तीसवरचा मन्या उभे होते, फक्त शेवटची एक थाप राहिली होती, आणि नळावरून तारामावशींचा आवाज आला, "पाणी आलं गो."

त्या दिवशी पाणी यायची वेळ नव्हती. पण आमच्या चाळीत पाणी आलं म्हटल्यावर पूजेचा भटजीसुद्धा उठतो. घरोघरच्या आया पोरांच्या नावाने हाका मारू लागल्या, आणि संगणक फुटला. एक, दोन, चार, आठ सगळे हंड्यांकडे धावले. मन्याचं घर वरच्या बाजूला, तो धावत माझ्या पायरीवर आला आणि जाता जाता माझ्या पाठीत एक ठेवून म्हणाला, "चल ना रे, वाट लागली, भांडी रिकामी आहेत."

थाप बसली होती. बसलेल्याने उभं राहायचं, हा नियम. मी उभा राहिलो.

सगळ्या पायऱ्या रिकाम्या, आणि वर मी एकटा उभा. आई खाली नळावरून मला हाक मारत होती, पण मला कोणी बस म्हणालं नव्हतं. साहेबांनी बोटांवर हिशेब केला. पंचेचाळीस आणि एकोणीस चौसष्ट, आणि उभा आहे तो चौसष्ट. त्यांनी टाळ्या वाजवल्या. "मास्तर, बरोबर आलं की उत्तर."

भावोजींनी डोळे मिटून देवाचे आभार मानले. आता मामांनी फक्त हसून गप्प बसायचं होतं. पण मामा कासावीस झाले होते. "उत्तर बरोबर आहे साहेब," ते म्हणाले, "पण यंत्र बरोबर नाही. शेवटची थाप गणिताची नव्हती, पाण्याची होती. बेरीज अर्धवट राहिली आहे. हे मी चालवून घेऊ शकत नाही." साहेबांना आधी कळेना. मग मामांनी रिकाम्या पायऱ्यांवर स्वतः वर-खाली पळत सगळी बेरीज त्यांना समजावली. साहेब इतके हसले की शिरा सांडला. म्हणाले, मास्तर, रविवारी ऑफिस बंद असतं, पोरांना घेऊन या, अर्धी राहिलेली बेरीज आमच्या मशीनवर पूर्ण करू, बटण तुम्ही दाबा. त्या रात्री मामा जेवले नाहीत असं मन्या सांगतो. शनिवारी त्यांनी धोतराला इस्त्री करून घेतली, जी त्यांनी बहिणीच्या लग्नातही केली नव्हती.

रविवारी आम्ही बसने अंधेरीला गेलो. साहेबांना रिकाम्या हाताने कसं भेटायचं, म्हणून मामांच्या मांडीवर फणस होता. ऑफिसात यंत्राची खोली वेगळी, काचेची, आत थंडगार, आणि बाहेर चपला काढायच्या. चपला काढायला सांगितल्यावर मन्याने आत शिरताना उंबऱ्याला हात लावून नमस्कारही केला. साहेब म्हणाले दोघं-दोघं आत या. फणस आत न्यायचा नाही, वासाने सगळी खोली भरेल, आणि वॉचमन तो सांभाळायला तयार नव्हता. मामा म्हणाले, पोरं जाऊन येऊ देत, मी थांबतो. दोन-दोन करत सहा जण आत जाऊन आले. मी सातवा, एकटा उरलो, आणि माझ्या जोडीला मामाच होते. भावोजींनी दोनदा हात पुढे करून फणस मागितला. मामांनी सोडला नाही. "तू हो पुढे," ते मला म्हणाले, "मी फणस बघतो."

आत एक ताई मशीनवर बसल्या होत्या. काहीही टाक, त्या म्हणाल्या. काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ लुकलुकत होती आणि माझ्या डोक्यात एकही आकडा शिल्लक नव्हता. मी मागे वळून पाहिलं. काचेपलीकडे मामा फणस दोन गुडघ्यांत धरून वाकलेले, दोन्ही हात वर, आणि बोटं माझ्याकडे. उजवा अंगठा, मधलं बोट, अनामिका, डावा अंगठा. पंचेचाळीस. मी टाकले. मग बोटं बदलली. उजवा अंगठा, तर्जनी, करंगळी. एकोणीस. वॉचमन त्यांच्याकडे काळजीने बघत होता. माझं बोट शेवटच्या बटणावर थांबलं, ताई म्हणाल्या दाब रे, आणि मी दाबलं. पडद्यावर आकडा आला. मी वळून डाव्या हाताची फक्त तर्जनी वर केली.

काचेतून आवाज येत नव्हता, पण ओठ हलले ते मला वाचता आले. बरोबर इला? अरेरे. मग मामांनी काचेला कपाळ टेकलं आणि बराच वेळ ते यंत्राकडे बघत राहिले. तिथे उमटलेला घामाचा डाग भावोजींनी नंतर आपल्या रुमालाने पुसला.

परतीच्या बसमध्ये मी मामांच्या शेजारी होतो. साहेबांसाठी आणलेला फणस तसाच मांडीवर होता. तो द्यायचा राहूनच गेला होता. मला काय झालं कोण जाणे, घशाशी आलेलं या वेळी बाहेर पडलं. मी विचारलं, "मामा, तुम्ही आत का नाही आलात?"

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. साकीनाका गेलं, असल्फा आलं. मला वाटलं माझं चुकलं. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माहीत नाही रे झिला. फी पावली तुझी."

ती त्यांची आमच्याकडली शेवटची सुट्टी. पुढच्या मे महिन्यात गुडघ्यांनी टेकडीला नाही म्हटलं. मन्याच्या घरच्यांनी खोली विकून नालासोपाऱ्याला जागा घेतली, मी दहावी झालो, बारावी झालो, आणि आमच्या घरातला पहिला माणूस म्हणून कॉलेजात आलो. इथे प्रयोगशाळेत संगणक आहे. आम्ही पाळीपाळीने त्याच्यासमोर बसतो. उत्तर बरोबर आलं की सर शाबास म्हणतात, आणि मला उगाच काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. मामांचं काय झालं हे विचारायला माझ्याकडे कोणी नव्हतं, आणि पत्र लिहायचं तर 'बाकी सर्व ठीक'च्या पलीकडे मला जमत नाही.

परवा मन्या अचानक कॉलेजात आला. कुठल्याशा कामाने इकडे आला होता. लायब्ररीच्या पायऱ्यांवर माझ्या शेजारी बसून त्याने बातमी सांगितली, वर्षभर जुनी. मामांच्या शाळेला कुठल्याशा योजनेतून संगणक मिळाला. एसटीच्या टपावरून आला. हेडमास्तरांनी नारळ फोडला, सगळं गाव जमलं, आणि पहिलं बटण मामांनीच दाबायचं असं ठरलं. पुढच्याच महिन्यात ते निवृत्त होणार होते. त्या दिवशी हातात फणस नव्हता. मामा पुढे आले, बसले, मुलांनी सांगितलेले आकडे टाकले, बटणावर बोट ठेवलं. आणि वीज गेली.

"सगळ्यांची तोंडं उतरली," मन्या म्हणाला. "मामा मात्र ओरडले, आता मजा इली. चला बाहेर, बेरीज अर्धी राहिली आहे. शाळेच्या पायऱ्यांवर पोरं बसवली. वर बसायला कोणी धजेना, सगळे लाजरे. तर मामा स्वतः जाऊन बसले चौसष्टवर."

मी विचारलं, उत्तर काय आलं?

"चुकलं रे. खालून थाप आली, त्यांनी उठायला हवं होतं. उठलेच नाहीत. पोरांकडे बघत बसले होते, थाप बसलेली कळलीच नाही. मग एवढे खूश झाले की विचारू नको." मन्या हसला, मग म्हणाला, "तुला निरोप आहे त्यांचा. म्हणाले, त्या वरच्या पायरीवर बसणाऱ्याला सांग, ती पायरी वाटते तेवढी सोपी नाही. तो कसा उठला होता कोण जाणे."

मन्याला उशीर होत होता. उठून जाताना त्याने सवयीने माझ्या पाठीत एक थाप मारली आणि पायऱ्या उतरून गेला. मी बसलो होतो तिथेच उभा राहिलो. तास सुरू झाल्याची घंटा झाली, मुलं माझ्या बाजूने वर-खाली पळत होती, आणि मला कोणी बस म्हणालं नव्हतं.